रक्त कमी की दारू जास्त? एकाच घरातले दोन सीबीसी

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरला भाऊ, वय 43. रोज संध्याकाळी क्वार्टर, गेल्या वर्षभरात सकाळीही थोडी. जिना चढताना धाप लागते, पाय जड वाटतात, सकाळी हात थरथरतात. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 8.6, एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) 111, प्लेटलेट 88,000. जवळच्या दवाखान्यात ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या कॅप्सूल दिल्या. दोन महिने घेऊनही आकडा हलला नाही. आई म्हणते, अंगात रक्तच नाही म्हणून तो थकतो आणि थकवा घालवायला पितो, रक्त भरलं की पिणं आपोआप कमी होईल. वहिनी म्हणते, सगळं दारूनेच केलंय. शेवटी जाता जाता आणखी एक गोष्ट जोडली आहे: वहिनीचंही हिमोग्लोबिन 8.9 आहे, एमसीव्ही 67, आणि ती तर दारूच्या वासालाही उभी राहत नाही. मग ॲनिमिया आणि दारू यांत मोठा आजार कोणता, आणि आधी इलाज कशाचा?

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. पिणारा नवरा आणि पांढरीफटक बायको ही जोडी आमच्या ओपीडीत नेहमीची. तुमच्या आईंना जे वाटतं तेच बहुतेक घरांत वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

गाभा आधी सांगतो. भावाला लोहाची गरज आहे असं या रिपोर्टवरून दिसत नाही. 111 एमसीव्ही लोहाच्या कमतरतेचा नसतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघितल्याशिवाय त्यांच्या कॅप्सूल पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही, आणि पिणाऱ्या माणसाला विनाकारण लोह देणं निरुपद्रवीही नाही. दुसरी गोष्ट जास्त तातडीची: हे वाचून ‘उद्यापासून बाटली बंद’ असं घरच्या घरी करू नका. सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली तर त्याला फिट येऊ शकते. पहिलं पाऊल दवाखान्यात, डॉक्टरांना पिण्याचा खरा आकडा सांगून.

आता तुलना. ॲनिमिया हा शब्द कागदावर आजाराच्या जागी लिहिला जात असला तरी तो तापासारखा आहे. ताप मलेरियाचा असेल, टायफॉइडचा असेल, लघवीच्या संसर्गाचा असेल. थर्मामीटर फक्त आकडा सांगतो. हिमोग्लोबिनही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार प्रौढ पुरुषात 13 ग्रॅमच्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया. का गेलं, हे त्या आकड्यात नसतं. रक्त कुठून तरी वाहून जातंय, की तयारच होत नाही, की तयार झालेलं वेळेआधी फुटतंय, या तीन प्रश्नांची उत्तरं शोधल्यावर निदान होतं.

दारूच्या व्यसनाचं उलटं आहे. तो स्वतःच आजार आहे, मेंदूतल्या सुखाची जाणीव देणाऱ्या आणि स्वतःवर ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेचा, पण त्याचं निदान करणारी रक्ताची एकही तपासणी नाही. यकृताच्या तपासण्यांत जीजीटी वाढतो, एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीवर जातं, एमसीव्हीही वाढतो. हे सगळे दारूने सोडलेले माग. निदान होतं ते विचारल्याने. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत 11 निकष आहेत. ठरवलं त्यापेक्षा जास्त प्यायली जाते का, कमी करायचा प्रयत्न करून जमलं नाही का, तलफ येते का, काम किंवा घर त्यामुळे बिघडतंय का, तेवढ्याच नशेसाठी पूर्वीपेक्षा जास्त लागते का, न घेतल्यास थरथर, घाम, अस्वस्थता होते का, अशा धर्तीचे. बारा महिन्यांत दोन-तीन लागू पडले तर सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. तुम्ही दिलेल्या तीन ओळींतच दोन-तीन निकष दिसतात, आणि भावाशी अर्धा तास नीट बोललं तर आणखी निघतील असा माझा अंदाज आहे.

‘फक्त क्वार्टर’ हा शब्दप्रयोगही जरा तपासून बघू. 180 मिलि, आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल. म्हणजे जवळपास 77 मिलि शुद्ध अल्कोहोल, वजनाने साधारण 60 ग्रॅम. एकाच बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त पिण्याला जागतिक आरोग्य संघटना अतिसेवन म्हणते. हे महिन्यातून एकदा होत असेल तरी चिंतेचं मानतात, इथे ते रोज संध्याकाळी होतंय, सकाळचं वेगळं. त्यातून 400 च्या वर कॅलरी मिळतात, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि जेवण चार घासांवर येतं. त्या कॅलरींत फोलेट (रक्त बनायला लागणारं एक जीवनसत्त्व) नाही, प्रथिनं नाहीत, बाकी जीवनसत्त्वं नाहीत. ‘देशी नाही, चांगली इंग्लिश घेतो’ या समाधानालाही काही आधार नाही. हाडांतल्या, रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला लेबल वाचता येत नाही.

लक्षणांच्या बाबतीत आईंचा गोंधळ होणं स्वाभाविक आहे, कारण थकवा, धडधड, झोप न लागणं, चिडचिड, भूक मरणं, कामात लक्ष न लागणं हे दोन्हीकडे सारखंच असतं. फरक दाखवणाऱ्या काही खुणा मात्र आहेत. सकाळी हात थरथरतात आणि एक पेग पोटात गेला की थांबतात, हे रक्त कमी असल्याने कधीच होत नाही. ते शरीर दारूला सरावल्याचं लक्षण आहे. रात्रीची उतरली की मेंदू खवळतो आणि पुन्हा थोडी मिळाली की शांत होतो. ‘घेतल्यावर ताकद येते’ असं जे भाऊ सांगत असतील ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच बरं वाटतं. फक्त ती ताकद रक्ताची नसते. चढावर धाप लागणं मात्र 8.6 हिमोग्लोबिनने होऊ शकतं, आणि बऱ्याच वर्षांच्या दारूने हृदयाचा स्नायू सैल पडला असेल तर त्यानेही. म्हणून ईसीजी आणि शक्य झाल्यास इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट, जी तरुण डॉक्टरांनाही सांगावी लागते. यकृत बिघडलेल्या पिणाऱ्याचे तळहात लालबुंद असू शकतात, चेहराही तांबूस दिसतो. घरचे म्हणतात, ‘रंग बघा की, रक्त कुठे कमी आहे?’ अशा माणसात फिकेपणा तळहातावर शोधू नये, डोळ्याची खालची पापणी ओढून आतला भाग बघावा. लोहाच्या कमतरतेत नखं चपटी होऊन वाटीसारखी वळतात, ओठांचे कोपरे फाटतात, माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. पुरुषात हे कमी दिसतं. वहिनींना विचारून बघा, तांदूळ निवडताना चार दाणे तोंडात जातात का.

आता भावाचा रिपोर्ट. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, साधारण 80 ते 100 असायला हवं. 111 म्हणजे पेशी मोठ्या आहेत. दारू रक्त अनेक वाटांनी बिघडवते. पहिली वाट थेट: अल्कोहोल अस्थिमज्जेतल्या पेशींना विषारी आहे, त्यामुळे जेवण उत्तम असलं आणि फोलेटही पुरेसं असलं तरी पेशी मोठ्या होतात. हिमोग्लोबिन पडायच्या कितीतरी आधी एमसीव्ही 102, 104 असा चढलेला असतो. जुना रिपोर्ट घरात असेल तर काढून बघा. नोकरीच्या मेडिकलमध्ये केलेला सीबीसी कुठेतरी फाइलला लागलेला असतो.

दुसरी वाट फोलेटची. निरोगी माणसाच्या शरीरात तीन-चार महिने पुरेल एवढा फोलेटचा साठा असतो. दारू आतड्यातून त्याचं शोषण रोखते, यकृतातला साठा आणि पुनर्वापर बिघडवते, आणि ताटातली पालेभाजी, उसळ आधीच कमी झालेली असते. मग साठा काही आठवड्यांत संपतो. एमसीव्ही 110 च्या पुढे गेला की फक्त विषारी परिणाम म्हणून भागत नाही, फोलेट आणि बी-12 बघायलाच हवं. भाऊ शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर बी-12 आणखी महत्त्वाचं. इथे एक सापळा आहे. बी-12 कमी असताना नुसती फोलिक ॲसिडची गोळी दिली तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे खूश होतात, आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. पायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटणं, अंधारात तोल जाणं हे सगळं ‘दारूमुळे’ या खात्यात जमा होतं आणि बी-12 कोणी तपासत नाही. थायरॉइड मंद असल्यानेही पेशी मोठ्या होतात, तोही एकदा बघावा.

तिसरी वाट कमी दिसते पण लक्षात ठेवण्यासारखी आहे. दारूमुळे बी-6 जीवनसत्त्वाचं काम बिघडतं, आणि पेशीत लोह भरपूर असूनही त्याचं हिमोग्लोबिन बनत नाही. मज्जेत ते लोह पेशीच्या केंद्राभोवती कडं करून अडकून बसतं. दारू थांबवल्यावर ही कडी एक-दोन आठवड्यांत नाहीशी होतात. अशा माणसाला लोहाची कॅप्सूल देऊन काय होणार? शिवाय हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक आतड्यातून लोह किती घ्यायचं यावर लगाम ठेवतं. दारू यकृतातलं हेप्सिडिन कमी करते, लगाम सुटतो, आणि पिणाऱ्याच्या यकृतात लोह साठत जातं. दारूने आधीच सुजलेल्या यकृताला लोहाचा साठा आणखी इजा करतो. मी सुरुवातीला कॅप्सूलबद्दल जे म्हटलं ते यासाठी.

पण याचा अर्थ पिणाऱ्याला लोह कधीच लागत नाही असा घेऊ नका. चौथी वाट रक्तस्रावाची, आणि ती जिवाशी खेळणारी. जठराला सूज, अल्सर, जोराच्या उलटीने अन्ननलिकेला पडलेली चीर, किंवा यकृत निबर (सिरॉसिस) झाल्यावर अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा. रोजंदारी करणारे, ड्रायव्हर, शेतात राबणारे दिवसा कंबरेसाठी डायक्लोफेनॅक किंवा तत्सम वेदनाशामक गोळी आणि रात्री क्वार्टर घेतात. जठराचं यापेक्षा वाईट करायला वेगळं काही शोधावं लागत नाही. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होते का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. लोहाच्या गोळीनेही शी काळपट-हिरवट होते, पण ती चिकट नसते आणि तसा वास नसतो. हळूहळू होणाऱ्या अशा स्रावाने लोह संपतं, पेशी लहान होतात, आणि फोलेटमुळे झालेल्या मोठ्या पेशींत त्या मिसळल्या की सरासरी एमसीव्ही ‘नॉर्मल’ येतो. म्हणून मी मशीनच्या आकड्याबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडही बघायला सांगतो आणि आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारात किती तफावत आहे तो आकडा, वाचतो. फेरिटिनही जपून वाचावं लागतं: यकृताला सूज असताना ते उगाच वाढलेलं दिसतं. फेरिटिन कमी आलं तर लोह नक्की कमी आहे. जास्त आलं तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे ते) बघूनच बोलावं.

प्लेटलेट 88,000 हे मला हिमोग्लोबिनइतकंच खटकतं. दारू मज्जेतच प्लेटलेट दाबते, दारू थांबवल्यावर त्या आठवडा-दोन आठवड्यांत उसळून वर येतात. पण प्लीहा वाढलेली असेल, म्हणजे यकृताच्या निबरपणामुळे पोटातल्या शिरांत दाब वाढला असेल, तर तसं होत नाही. त्याच दाबाने रक्तातलं पाणी वाढून हिमोग्लोबिन पातळ होतं आणि असेल त्यापेक्षा कमी दिसतं. तेव्हा यकृताच्या टेस्ट, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी याच फेरीत करा. प्लीहा मोठी निघाली तर एंडोस्कोपी टाळू नका.

मग आधी इलाज कशाचा? रक्ताची उलटी, डांबरी शी, चक्कर येऊन पडणं, डोळे पिवळे होऊन पोट फुगणं यातलं काहीही असेल तर प्रश्नच मिटला, थेट मोठ्या रुग्णालयात. तसं नसेल तर क्रमात पहिलं येतं ते दारू सुरक्षितपणे तुटणं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप, धडधड. गावात याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून दुसरीकडे नेतात आणि मोलाचा वेळ जातो. यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, आणि यकृत जास्त बिघडलं असेल तर लोराझेपाम काही दिवस उतरत्या मात्रेत देतात. तुमच्या भावाच्या बाबतीत दोन्ही आजार इथे एकमेकांत अडकतात. 8.6 हिमोग्लोबिनवर हृदय आधीच जोरात पळतंय, त्यावर विथड्रॉवलची, म्हणजे दारू तुटल्यावरची, धडधड. फिट येऊन डोकं आपटलं तर 88,000 प्लेटलेट आणि बिघडलेल्या यकृताच्या जोडीने मेंदूत रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही. म्हणून यांना भरती करूनच दारू तोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ‘ताकदीचं सलाईन’ लावून घेऊ नका. आपल्याकडे अशक्त माणसाला ग्लुकोजची बाटली लावून त्यात पिवळं इंजेक्शन सोडायची पद्धत आहे. जास्त पिणाऱ्यांत थायमिन, म्हणजे बी-1, अनेकदा जवळपास संपलेलं असतं. आधी थायमिन न देता ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, झोकांड्या. बाहेरून तो माणूस प्यायल्यासारखाच दिसतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. क्रम साधा आहे, आधी थायमिनचं इंजेक्शन, मग बाकी सगळं. ते पिवळं मल्टिव्हिटॅमिन त्याची जागा घेत नाही, त्यातलं थायमिन अशा वेळी फार थोडं पडतं.

रक्ताची पिशवी चढवा असा आग्रह नातेवाईक हमखास धरतात. रक्त वाहत नसेल, छातीत दुखत नसेल, तर साधारण 7 च्या खाली गेल्याशिवाय आम्ही रक्त देत नाही. फुगलेल्या शिरांतून स्राव झालेल्या माणसाला गरजेपेक्षा जास्त रक्त दिलं तर शिरांतला दाब वाढून पुन्हा स्राव होतो. 8.6 आहे, दारू थांबली आणि फोलेट-बी-12 योग्य मिळालं तर मज्जा स्वतः भरून काढेल.

दारू तोडणं आठवड्याचं काम, सोडणं पुढचं. तिथे नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट, बॅक्लोफेन, डायसल्फिराम अशी औषधं आहेत. यकृत आणि मूत्रपिंडं बघून मानसोपचारतज्ज्ञ निवड करतात. यातल्या डायसल्फिरामबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींची पुडी भाजीत किंवा चहात कालवायला देतात, तिच्यात अनेकदा हे किंवा याच्यासारखं काही असू शकतं. माहीत नसलेला माणूस त्यावर दारू पितो आणि त्याचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. निरोगी माणसालाही हे झेपत नाही, 8.6 वाल्याला तर नाहीच. हे औषध फक्त त्या माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, दारू थांबवल्यानंतरच द्यायचं असतं. वहिनी वैतागून या वाटेला गेल्या असतील तर त्यांना दोष देऊ नका, फक्त थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

लोहासवाचंही तसंच. पंडुरोगावर, म्हणजे ॲनिमियावर, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिलं जाणारं आयुर्वेदिक औषध, पण आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. दारू सोडू पाहणाऱ्याला ते देऊ नये, डायसल्फिराम चालू असताना तर अजिबातच नाही. ‘रेड वाइनने रक्त वाढतं’ हे केवळ रंगावरून आलेलं आहे. बीट आणि डाळिंबाच्या कीर्तीचंही निम्मं श्रेय रंगालाच जातं.

आता आईंच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्यामागे नुसतं अज्ञान नाही. ‘रक्त कमी आहे’ हे चारचौघांत सांगता येतं. त्यावर सुट्टी मिळते, शेजारीण डाळिंबं घेऊन येते. ‘दारूचा आजार आहे’ म्हटलं की मुलीच्या लग्नापर्यंत विचार जातो. मेडिक्लेमच्या बहुतेक पॉलिसींत दारूशी संबंधित उपचार वगळलेले असतात, म्हणून ‘डॉक्टर, केसपेपरवर दारू लिहू नका’ अशी विनंतीही होते. परिणाम असा की ॲनिमियाचा इलाज होतो आणि दारूचा राहतो. सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या मदतीने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. त्यात देशात 5 कोटी 70 लाख लोकांना दारूमुळे मदतीची गरज असल्याचं म्हटलं होतं, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी जेमतेम एकाने कसला तरी उपचार घेतलेला होता. ॲनिमियाच्या बाबतीत निदान गोळी तरी दारात येते.

भावाला कसं न्यायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अडणार तिथेच आहे. रिपोर्टचाच उपयोग करा. ‘तू पितोस’ या वाक्याने भांडण होतं. ‘पेशी मोठ्या झाल्यात, लोहाने उपयोग होत नाही, डॉक्टरांना कारण शोधायचंय’ यावर माणूस ओपीडीपर्यंत येतो, आणि त्याच्यासमोर आकडा ठेवून पिण्याबद्दल विचारणं आम्हाला सोपं जातं. न पिता भेटायची वेळ ठरवा, शक्यतो सकाळी लवकर, पण सकाळचा घोट त्यासाठी अडवून धरू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा 14416 आणि नशामुक्तीसाठीचा 14446 हे दोन्ही सरकारी मोफत क्रमांक आहेत. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या मराठीतल्या बैठका अनेक शहरांत आणि तालुक्यांत होतात. वहिनींसाठी आणि आईंसाठी अल-अनॉन या पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या गटाच्या बैठका असतात, त्यांना मात्र कोणी पाठवत नाही.

वहिनींचा रिपोर्ट भावाच्या अगदी उलटा आहे. 67 म्हणजे पेशी लहान, आणि पाळी चालू असलेल्या बाईत पहिला संशय लोहाचाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांत ॲनिमिया मिळाला, महाराष्ट्रात 54.2 टक्के, पुरुषांत देशभरात 25 टक्के. बोट टोचून घेतलेल्या थेंबावर हे मोजतात म्हणून आकडा फुगतो असा आक्षेप आहे, पण थोडा कमी धरला तरी चित्र बदलत नाही. त्याच पाहणीत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत 18.8 आणि स्त्रियांत 1.3 टक्के आहे. दोन्ही आजार एकाच घरात वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात, आणि ते योगायोगाने नव्हे. घरातला पैसा क्वार्टरला जातो तेव्हा किराण्यातून आधी डाळ, अंडी आणि फळं कमी होतात, आणि शेवटी जेवणारीच्या ताटात भाकरी आणि रस्सा उरतो. त्यात पाळीत जास्त रक्त जात असेल तर हिशेब लागलाच. किती दिवस जातं, गुठळ्या पडतात का हे विचारून घ्या. गर्भाशयात गाठी आहेत का यासाठी सोनोग्राफी करा.

लोह सुरू करण्याआधी त्यांच्या सीबीसीतला लाल पेशींचा एकूण आकडा बघा. हिमोग्लोबिन कमी असूनही तो 50 लाखांच्या वर असेल तर थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाची) शंका घेऊन त्यासाठीची एचबीए-2 तपासणी करावी, माहेर विदर्भातलं किंवा आदिवासी पट्ट्यातलं असेल तर सिकलसेलही. फेरिटिन कमी आलं की प्रश्न सुटला. गंमत अशी की भावाला निरुपयोगी ठरलेल्या त्याच कॅप्सूल बहुधा वहिनींचं औषध ठरतील, अर्थात त्यांच्या डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिल्यावर. गोळी दिवसाआड एक घेतली तरी शोषण चांगलं होतं आणि मळमळ कमी. रोज घेतली की हेप्सिडिन वाढून दुसऱ्या दिवशीचं शोषण घटतं. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. बाजरीची भाकरी, अळीव, हिरव्या पालेभाज्या, चालत असेल तर मटण-कलेजी हे सगळं जोडीला ठीक, पण 8.9 वरून फक्त खाण्याने वर येणं फार कठीण. तीन-चार आठवड्यांत एक-दोन ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. हिमोग्लोबिन 12 झाल्यावर गोळ्या बंद केल्या की सहा महिन्यांत पुन्हा तिथेच; साठा भरायला पुढे तीन महिने घ्याव्या लागतात. हे सगळं भाऊ दवाखान्यात यायला तयार होण्याची वाट न बघता सुरू करता येतं.

भावाच्या पुढच्या तपासण्यांच्या तारखा आताच समजून घ्या, म्हणजे निराशा होणार नाही. दारू थांबून आठवडा झाला की रेटिक काउंट (नव्या लाल पेशींचा आकडा) वाढलेला दिसतो, म्हणजे मज्जा कामाला लागली. प्लेटलेट दुसऱ्या आठवड्यात बघा. दोन-तीन आठवड्यांनीही लाखाच्या खालीच असतील तर यकृत-प्लीहेकडे मोर्चा वळवायचा. हिमोग्लोबिन महिन्याने. एमसीव्ही मात्र तीन-चार महिने पूर्ण खाली येणार नाही, कारण लाल पेशी 120 दिवस जगते आणि दारूच्या काळात बनलेल्या मोठ्या पेशी संपेपर्यंत सरासरी मोठीच राहते. महिन्याने केलेल्या सीबीसीत एमसीव्ही 108 आला म्हणून ‘चोरून पितोस’ असा आरोप घरात होतो आणि खरोखर सोडलेला माणूस त्या रागात पुन्हा बाटलीकडे जातो. चोरून पिण्याचा संशय असेल तर तो जीजीटी आणि सीडीटीवर (जास्त पिण्याने वाढणारं रक्तातलं एक प्रथिन) डॉक्टरांना तपासू द्या. त्या दोन्ही टेस्ट काही आठवड्यांत बदलतात. आणि मध्येच एकदा घेतली गेली तर उपचार फुकट गेला असं धरून औषधं बंद करू नका, त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.